वाळवंटाची पहिली इयत्ता येवल्याच्या माळावर

या आठवड्याचं पत्र नाशिकहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते.

«मी सिडकोत राहते. वय 57. तीस वर्षं बालवाडीत शिकवलं, गेल्या वर्षी थांबले. जावई लष्करात आहेत, देवळालीहून त्यांची बदली जैसलमेरला झाली. मुलगी आणि सात वर्षांचा नातूही तिकडेच. डिसेंबर लागला की मी जाणार, संक्रांत करून परत येणार. नातू रोज फोनवर विचारतो, आजी, हे पाखरू कोणतं, हे काटेरी झाड कोणतं? मला काहीच सांगता येत नाही. म्हणून इथल्या एका निसर्ग ओळख वर्गात नाव घातलं. दर रविवारी सकाळी असतो. दोन रविवार झाले. दुर्बिणीतून मला काही म्हणजे काही दिसत नाही. सगळे 'तो बघा, तो बघा' म्हणतात आणि मी नुसती पानं बघत बसते. बाकीच्यांच्या गळ्यात मोठे कॅमेरे, तोंडात लॅटिन नावं. शिवाय शिकवतात ती नांदूरमधमेश्वरची बदकं, आणि मला हवंय वाळवंट. इथे शिकून तिथे काय उपयोग? घरात हे म्हणतात, या वयात कशाला ही धडपड. वर्ग सोडून देऊ का? वाळवंटातली पाखरं-झाडं शिकवणारं नाशिकमध्ये कुठे काही आहे का? माझं माहेर येवला तालुक्यातलं, पण तिथे काय बघायचं? नुसता माळ, कुसळं आणि बाभळी.

ता. क. लहानपणी वडील बाजरी राखायला जायचे, मी पाटीत भाकरी घेऊन जायचे. तिथे चिमणीएवढं एक पाखरू सरळ वर चढायचं आणि शीळ घालत दगडासारखं खाली यायचं. जमिनीला लागणार असं वाटेपर्यंत पुन्हा वर. वडील त्याला काय म्हणायचे ते आठवत नाही. त्याचं नाव काय असेल?»

प्रिय ताई,

वर्ग सोडू नका. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडले. 'नुसता माळ, कुसळं आणि बाभळी.' वाळवंट शिकवणारं नाशिकमध्ये काही आहे का, असं विचारता आणि त्याचं उत्तर त्याच पत्रात लिहून वर 'तिथे काय बघायचं' म्हणता. ताई, तुमचं माहेर ही वाळवंटाची पहिली इयत्ता आहे, आणि ती तुम्ही लहानपणीच अर्धीअधिक पास झालेल्या आहात.

आपला जिल्हा म्हणजे पावसाचा उतरता जिना आहे. इगतपुरीच्या घाटमाथ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिक शहरात येईपर्यंत तो 700 च्या आसपास राहतो आणि सिन्नर, येवला, नांदगावकडे सरकावं तसा 500 च्या घरात उतरतो. सह्याद्रीने ढग अडवले की त्यामागे जी कोरडी सावली पडते, तिच्यात तुमचं माहेर आहे. तोच जिना आणखी खाली उतरत गेलात की 200 मिलिमीटरच्याही आत पाऊस असलेलं जैसलमेर लागतं. तिथली कारणं वेगळी आहेत. अरवलीची रांग अरबी समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांना आडवी येत नाही, त्यांच्या बाजूने धावते, म्हणून ढग तिथे न थांबता निघून जातात. पण कमी पाण्यात जगायची युक्ती दोन्हीकडे एकच: पान लहान, काटा मोठा, मूळ खोल. म्हणून येवल्याच्या माळावरची बरीच झाडं-पाखरं तुम्हाला जैसलमेरला पुन्हा भेटतील. काही तीच, काही त्यांची चुलत भावंडं.

झाडांपासून सुरुवात करा. झाड उडून जात नाही आणि दुर्बिणीची गरज पडत नाही.

शमी तुम्हाला माहीत आहे. दसऱ्याला आपण आपट्याचं पान सोनं म्हणून देतो, पण पूजा शमीची करतो. अज्ञातवासात पांडवांनी शस्त्रं लपवली ती शमीवर, ही गोष्ट तुम्ही बालवाडीत किती पोरांना सांगितली असेल! राजस्थानात याच शमीला खेजडी म्हणतात आणि ती त्या राज्याचा राज्यवृक्ष आहे. तिच्या कोवळ्या शेंगा म्हणजे सांगरी. लेकीच्या शेजारणी केर-सांगरीची भाजी घेऊन येतील तेव्हा नातवाला सांगा, ही आपल्या दसऱ्याच्या झाडाची शेंग. शेतकरी ही झाडं शेतातच ठेवतात, कारण खेजडीखाली बाजरी चांगली येते. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमचा जीव हळहळेल. तुम्ही जाल तेव्हा थंडी असेल, आणि थंडीत तिकडे खेजडीच्या फांद्या छाटून पाला शेळ्या-उंटांसाठी वाळवून ठेवतात. त्या पाल्याला 'लूंग' म्हणतात. रस्त्याच्या दुतर्फा बोडकी झाडं दिसतील. ती मेलेली नसतात. उन्हाळ्यात, बाकी सगळं करपत असताना, त्यांनाच नवी पालवी फुटते.

खेजडीची आणखी एक गोष्ट आहे. ती नातवाला जमलं तर जोधपूरजवळच्या खेजडली गावात नेऊनच सांगा. 1730 साली जोधपूरच्या राजाची माणसं तिथे खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृतादेवी बिश्नोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. तिच्यामागे गावोगावचे बिश्नोई आले आणि 363 माणसांनी झाडांसाठी जीव दिला. सात वर्षांचं पोर ही गोष्ट विसरणार नाही. मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी चाळिशीची होते, आणि त्यानंतर शमीच्या झाडाखालून मी कधी सहज म्हणून पुढे गेलेले नाही.

केर म्हणजे आपली नेपती. येवल्याकडे बांधावर, ओढ्याच्या काठी हिरव्या काटक्यांचं गुंतलेलं झुडूप असतं, पान जवळजवळ नाहीच. तेच ते. नगरजवळ या नावाचं गावच आहे. नव्या फुटव्यावर इवलीशी पानं येतात आणि लगेच गळतात, पुढचा स्वयंपाक हिरवी काटकीच करते. पान ठेवलं तर पाणी उडून जातं, म्हणून पानाचं काम खोडाने आपल्याकडे घेतलं. पुढच्या वेळी माहेरी जाल तेव्हा एक काडी नखाने किंचित खरवडून बघा, आत किती गच्च हिरवी असते. 'झाडाला पानं नाहीत तर ते जेवतं कसं?' हा प्रश्न नातू विचारणारच. त्याचं उत्तर त्याच्या हातात द्या, तोंडाने सांगू नका.

रुईचं तसंच. शनिवारी मारुतीला तिची माळ घालतो, तिला तिकडे आक म्हणतात. पण इथे एक गंमत आहे. आपल्याकडे जास्त करून मोठ्या फुलांची, पाकळ्या बाहेर पसरलेली रुई दिसते. जैसलमेरकडे दिसते तिची फुलं लहान असतात, पाकळ्या वर उभ्या आणि टोकं जांभळी. दोन्ही रुईच, पण जाती दोन. इथून जाताना इथल्या फुलाचं चित्र वहीत काढून न्या आणि नातवाला तिथलं फूल शेजारी काढायला सांगा. तुलना करायला शिकणं म्हणतात ते हेच. चीक डोळ्यात जाऊ देऊ नका एवढंच.

हिंगणबेट आठवतं का? ज्याच्या फळाच्या गराने पूर्वी कपडे धूत. ते तिथे हिंगोटा. बोरीची ठेंगणी बहीण तिथे बोरडी. कडू इंद्रावण तिथे तुंबा, वाळूवर वेल पसरलेली आणि मधेमधे चेंडूएवढी पट्ट्यांची फळं. पिलू तिथे जाळ. ही सगळी नावं एका दिवसात पाठ करायला जाऊ नका. पाच झाडं पुरेत: शमी, नेपती, रुई, हिंगणबेट, बोर. पाचही तुम्हाला घरच्या नावाने आधीपासून माहीत आहेत. नवं शिकायचं ते फक्त शेवण गवत, फोग आणि रोहिडा. ते तिथे गेल्यावर कुणा गुराख्याला विचारा. गुराखी त्या झाडाचं नाव तर सांगेलच, वर ते कोणतं जनावर खातं आणि कोणतं खात नाही तेही सांगेल. लॅटिन नाव सांगणाऱ्याला हे बहुतेक वेळा माहीत नसतं.

आता दुर्बीण. तुमच्या पत्रातलं खरं दुःख तिथे आहे असं मला वाटलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही चष्मा लावता का ते लिहिलेलं नाही, पण 57 व्या वर्षी बहुधा असणार. दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला रबरी कडा असतात. चष्मा असेल तर त्या खाली दुमडायच्या किंवा फिरवून आत घ्यायच्या, चष्मा नसेल तर वर. वर ठेवून चष्म्यावरून बघितलं की काळ्या कड्याशिवाय काही दिसत नाही, आणि कित्येक जण याच एका कारणाने दुर्बीण कायमची ठेवून देतात. मग मधली बिजागरी उघडबंद करून दोन गोल एक करायचे. मग उजवा डोळा मिटून डाव्या डोळ्याने लांबची पाटी बघत मधलं चाक फिरवायचं, पाटी स्पष्ट झाली की डावा मिटून उजव्या डोळ्याकडची छोटी कडी फिरवायची. ही कडी एकदा आपल्या डोळ्यांना लावून घेतली की पुन्हा हात लावायचा नाही. वर्गातली दुर्बीण हातोहात फिरत असेल तर प्रत्येकाने ती कडी आपल्यासाठी फिरवलेली असते. तुम्हाला धूसर दिसलं त्यात तुमचा दोष काहीच नव्हता.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आधी नुसत्या डोळ्यांनी पाखरू शोधायचं. सापडलं की नजर तिथेच खिळवून ठेवायची, मान हलवायची नाही, आणि दुर्बीण उचलून डोळ्यांपुढे आणायची. आपण उलटं करतो. दुर्बीण लावतो आणि मग झाडभर पाखरू शोधत फिरतो, म्हणून पानं दिसतात. आठवडाभर रोज दहा मिनिटं गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवर बसलेल्या कबुतरावर सराव करा. कबुतर जागेवर बसतं, पळत नाही, कंटाळतही नाही. तिसऱ्या रविवारी तुम्हीच दुसऱ्या कुणाला तरी 'तो बघा' म्हणाल.

विकत घ्यायची असेल तर 8×42 घ्या. म्हणजे आठ पटीने मोठं दिसतं आणि पुढची काच 42 मिलिमीटरची. दहा पटीची घेऊ नका, हात जरा हलला की चित्र नाचतं. पण डिसेंबरपर्यंत वर्गातल्या दुर्बिणीवर काम चालेल, पैसे आत्ताच घालू नका. कॅमेरा तर नकोच. कॅमेरेवाल्यांना बघून दबून जाऊ नका. फोटो काढणाऱ्याचं लक्ष त्या घाईत फोटोकडे असतं, आणि आत्ता तुम्हाला हवं आहे ते पाखराकडे असलेलं लक्ष.

'नांदूरमधमेश्वरची बदकं शिकून काय उपयोग' असं तुम्ही विचारता. नांदूरमधमेश्वर ही महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ आहे, म्हणजे जगभर महत्त्वाच्या मानलेल्या पाणथळींच्या यादीतली, ते मोठेपण आपल्या जागी. पण नवशिक्याला तिथे न्यायचं कारण अगदी साधं आहे. बदकं मोठी असतात, उघड्यावर बसतात आणि बराच वेळ बसून राहतात. थापट्याची चोच चमच्यासारखी, चक्रवाकाचा रंग विटकरी, हे एकदा निवांत बघायला मिळालं की डोळ्यांना चोच, रंग, ठेवण असं तुकड्या-तुकड्याने बघायची सवय लागते. तीच सवय घेऊन माळावर गेलात की मातीच्या रंगाचं, मातीत बसलेलं पाखरू दिसायला लागतं. उलट क्रमाने गेलात तर माळ रिकामाच दिसतो. तुमच्या शिक्षकांनी क्रम बरोबर लावला आहे. फक्त त्यांना मोकळेपणाने सांगा की मला जैसलमेरला जायचंय, एक रविवार माळावर न्याल का? येवला तालुक्यात ममदापूरचं राखीव क्षेत्र आहे, काळविटांसाठी राखलेलं. काळविटं बघायला म्हणून सगळे आनंदाने येतील, आणि तुम्ही खाली जमिनीवर बघा.

तिथे काय बघायचं ते सांगते. पखुर्डी. कबुतराएवढी, पण मातीच्या रंगाची, इतकी की दहा पावलांवर बसलेली असली तरी ढेकूळच वाटते. ही कोरडं बी खाते, त्यामुळे हिला रोज पाणी लागतं, आणि सकाळी ऊन जरा चढलं की थवे करून पाण्यावर येते. पहिल्यांदा मी त्या भागात एका पाझर तलावाच्या काठी, बांधाआड बसून हे पाहिलं. आधी आवाज आला, घशातल्या घशात 'कुट-रो, कुट-रो' असा. मग तीस-चाळीस पाखरं वळसा घालून पाण्याच्या जरा लांब उतरली. थोडं थांबली. मग एकदम धावत पाण्याशी, भराभर घोट, आणि गेली. पण एक नर मागे राहिला. तो पाण्यात पोटापर्यंत शिरला आणि बसून अंग हलवू लागला, कोंबडी धुळीत लोळते तसा. मला वाटलं आंघोळ करतोय. नंतर कळलं की नराच्या पोटावरची पिसं पाणी धरून ठेवतात, त्यांचे बारीक तंतू भिजले की उलगडून स्पंजासारखे होतात. तशी भिजलेली पिसं घेऊन तो कित्येक किलोमीटर उडत पिल्लांकडे जातो आणि पिल्लं त्याच्या पोटाशी चोची लावून पाणी पितात. हीच पखुर्डी तुम्हाला जैसलमेरला दिसेल. तिथे कुठल्याही नाडीवर, म्हणजे तलावडीवर, सकाळी नऊच्या सुमाराला नातवाला घेऊन गप्प बसा. ही एक गोष्ट त्याला दाखवता आली तर बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल.

टिटवी दोन्हीकडे आहे, तीच, डोळ्यांपुढे लाल मांसल लोळी असलेली, तेच ओरडणं. खाटीक इथेही आहे. बाभळीच्या काट्याला नाकतोडा टोचलेला दिसला तर तो त्याचाच उद्योग. तिथला खाटीक मोठा आणि राखाडी असतो, डोळ्यांवर काळी पट्टी, तारेवर एकटाच बसलेला. बुलबुलाकडे मात्र नीट बघा. आपला काळ्या डोक्याचा, बुडाशी लाल. तिथे केराच्या झुडपात दिसेल त्याचे गाल पांढरेशुभ्र असतात आणि बूड पिवळं. नाव 'पांढऱ्या गालाचा बुलबुल' असं आपणच घरात ठेवलं तरी काही बिघडत नाही. आणि गवतावरून अगदी खाली, पंख जरासे वर उचलून, संथपणे तरंगत जाणारा शिकारी पक्षी दिसला तर तो भोवत्या. हिवाळ्यात तो मध्य आशियाकडून इथेही येतो आणि तिथेही.

माळढोकाबद्दल वर्गात कुणी ना कुणी विचारेलच. 'माळ' हा शब्द त्याच्या नावातच आहे, आपल्याच भाषेने ते दिलं. एके काळी तो आपल्या पठारावर भरपूर होता, त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर-नगर भागात अभयारण्य झालं, आणि आज त्या अभयारण्यातल्या नान्नजला तो दिसणं नशिबाची गोष्ट झाली आहे. राजस्थानचा तो राज्यपक्षी, तिकडे गोडावण. जगात उरलेल्यांपैकी बहुतेक जैसलमेरच्या आसपास आहेत, आणि सगळे मिळून दीडशेच्या आत. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, एवढं अंग घेऊन उडताना पटकन वळता येत नाही, त्यात डोळे बाजूला असल्यामुळे समोरची वीजतार दिसत नाही. मादी वर्षाला बहुतेक एकच अंडं घालते, म्हणून एक पक्षी गेला की तो भरून यायला वर्षं लागतात. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये जैसलमेरच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू जन्माला आलं, तेव्हा मला घरात कुणाचं बारसं असावं तसा आनंद झाला होता. तुम्हाला डेझर्ट नॅशनल पार्कात जायचं असेल तर वनखात्याची परवानगी काढून, त्यांच्याच माणसाबरोबर जा. गोडावण दिसला तर लांबूनच बघा. नाही दिसला तर ज्या गवतात तो राहतो ते गवत नातवाला दाखवा. ते शेवण गवत आहे, आणि ते राहिलं तरच पक्षी राहील.

म्हणूनच 'पडीक' आणि 'ओसाड' हे शब्द मला खुपतात, ताई. सातबाऱ्यावर पडीक लिहिलं की त्या जमिनीवर काहीही करायला माणूस मोकळा होतो. कुणी खड्डे खणून ओळीने विलायती झाडं लावतं, कुणी मुरूम काढून नेतं. धाविक, पखुर्डी, माळटिटवी ही सगळी पाखरं उघड्या जमिनीवर अंडी घालतात. त्यांना सावली नको, मोकळं रान हवं. माळावर झाडं लावली म्हणजे पुण्य झालं असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे, आणि ते माळाच्या बाबतीत खरं नाही. वर्गात हे बोला. तुमचं माहेर तिथलं असल्यामुळे तुमच्या बोलण्याला वजन येईल.

जैसलमेरहून जोधपूरकडे येताना वाटेत फलोदी लागतं, त्याच्या जवळच खीचन. तिथे हजारो कुरजां, म्हणजे क्रौंच कुळातले राखाडी उंच पक्षी, सप्टेंबरपासून मार्चपर्यंत मुक्कामाला असतात. गावातली जैन मंडळी त्यांना पिढ्यान् पिढ्या धान्य घालतात. 2025 साली खीचनही रामसर यादीत आलं. तिथे सकाळी पोहोचा. जोधपूरला मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्क आहे. खडकात घुसलेली वेडी बाभूळ मुळासकट काढून तिथे मूळची वाळवंटी झाडं पुन्हा लावली आहेत. पाच झाडं ओळखीची झाली असतील तर तिथे तुम्हाला फार बरं वाटेल. लष्करी भागात आणि सरहद्दीकडे फोटो आणि दुर्बीण या दोन्हीबद्दल जावईबापूंना विचारूनच काय ते करा.

वही करा. साधी शाळेची, दोनशे पानी. डाव्या पानावर पाखरू, उजव्या पानावर ते ज्यावर बसलं होतं ते झाड. नाव कळलं नाही तरी लिहायचं: चिमणीपेक्षा मोठं की लहान, साळुंकीएवढं की घारीएवढं, शेपूट हलवतं का, जमिनीवर चालतं की उड्या मारतं. उडी मारतं की चालतं एवढ्या एका गोष्टीवरून निम्मी पाखरं वेगळी होतात. फोनवर आवाज ओळखणारं मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, ते जरूर घ्या, पण आधी वहीत लिहायचं आणि मगच ॲप उघडायचं. उलट केलंत तर ॲप शिकेल, तुम्ही नाही. नातवालाही आजपासूनच अशी वही करायला सांगा. फोनवर 'आजी, हे कोणतं?' असं विचारलं की तुम्ही उलट विचारा, 'चालतं की उड्या मारतं?' तीस वर्षं बालवाडी चालवलेल्या बाईला हे मी वेगळं सांगायला नको.

यजमानांचं म्हणाल तर त्यांना ममदापूरच्या रविवारी बरोबर घेऊन जा, वाद घालत बसू नका. काळवीट उडी मारताना एकदा बघितलं की पुढच्या रविवारी घरातून लवकर निघायची घाई तेच करतील.

दसऱ्याला माहेरी जाणार असाल तर शमीची फांदी तोडून आणू नका, झाडापाशी जाऊन पूजा करा आणि सोबत वही न्या. 5 ते 12 नोव्हेंबर आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली आणि सालीम अली यांच्या जन्मदिवसांना धरून ठरवलेला. त्या आठवड्यात ठिकठिकाणी मोफत फेऱ्या निघतात. एखादी गाठा. एवढं झालं की डिसेंबरला तुम्ही तयार.

आता तुमचं ता. क.

चिमणीएवढं पाखरू, सरळ वर चढून शीळ घालत दगडासारखं खाली येतं, जमिनीला लागणार असं वाटेपर्यंत पुन्हा वर. ताई, त्याचं नाव डोंबारी. डोंबारी चंडोल म्हणतात. कोलांट्या मारतो म्हणून हे नाव पडलं असणार. डोकं राखाडी, खालचं अंग काळं, तो नर. मादी मातकट, ढेकळात मिसळून जाणारी. कोलांट्या नर मारतो, मादीसाठी. वर चढताना पंख फडफडवतो, मग पंख मिटून शीळ घालत सुटतो, खाली येता येता पंख उघडतो आणि त्या वेगानेच परत वर जातो. तुमचे वडील बाजरी राखायला बसत ते दिवस त्याच्या या खेळाचेच असणार.

जैसलमेरला त्याचा भाऊ आहे. डोकं काळं, कपाळ आणि गाल पांढरे, बाकी बांधा तोच. हिवाळ्यात ही पाखरं कोलांट्या कमी मारतात, थवा करून जमिनीवर दाणे टिपत असतात, त्यामुळे तुम्हाला ती खाली, वाळूत शोधावी लागतील. आणि परत आल्यावर, फाल्गुन-चैत्रात, एकदा माहेरच्या बाजरीच्या त्याच वावरात सकाळी जाऊन बसा. तो अजून तिथे असेल. वडील त्याला काय म्हणायचे ते गावात एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, आणि कळलं तर मलाही कळवा. ते नाव माझ्याकडे नाही.